राजाचे घर आणि चरित्रकाराची लेखणी

राजाचे चरित्र लिहिणे हे सामान्य माणसाचे चरित्र लिहिण्याहून सुलभ असते, असा एक समज प्रचलित आहे. जन्म, विवाह, राज्यारोहण व मृत्यू यांच्या तिथी निश्चित असतात. रोजनिशा व पत्रे दप्तरात जपलेली असतात. वाचकांचे कुतूहलही आयते लाभते. परंतु इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याची चरित्रे कालक्रमाने वाचली म्हणजे हा समज टिकत नाही. १९४१ पासून २०२१ पर्यंतच्या ऐंशी वर्षांत या एका राजावर अनेक लेखण्या चालल्या. त्यांतून राजाविषयीची माहिती वाढत गेली हे तर खरेच. पण राजाच्या चरित्रात त्याच्या कुटुंबाचे स्थान कोणते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने निराळे दिले, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या उत्तरांची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

जॉर्जचे आयुष्य वरवर पाहता घटनाशून्य वाटते. ३ जून १८६५ रोजी जन्मलेला हा दुसरा मुलगा. सिंहासन त्याच्या वाट्याचे नव्हते. बाराव्या वर्षी त्याला आरमारी शिक्षणासाठी धाडण्यात आले. १८९२ च्या जानेवारीत थोरला भाऊ अल्बर्ट व्हिक्टर इन्फ्लुएंझाच्या साथीत न्यूमोनियाने वारला आणि वारसाहक्क जॉर्जकडे आला. भावाची वाग्दत्त वधू राजकन्या मे हिच्याशीच पुढच्या वर्षी, ६ जुलै १८९३ रोजी, त्याचा विवाह झाला. पुढे तीच राणी मेरी. सँड्रिंगहॅम येथील ‘यॉर्क कॉटेज’ या बेताच्या घरात हे जोडपे तेहेतीस वर्षे राहिले आणि तेथे त्यांची सहा मुले वाढली. पक्ष्यांची शिकार, टपाल तिकिटांचा संग्रह, घड्याळाच्या काट्यावरचा दिनक्रम आणि मुलांशी जहाजावरील अधिकाऱ्याला शोभेल अशी करडी वागणूक, असा हा गृहस्थ होता. १९१० मध्ये तो राजा झाला, तेव्हाही या दिनक्रमात फारसा फरक पडला नाही.

अशा माणसाचे चरित्र लिहावयाचे कसे? राजाच्या मृत्यूनंतर या कामाची वाटणी झाली. जॉन गोर यांनी १९४१ मध्ये वैयक्तिक आठवणींचा ग्रंथ लिहिला, आणि राज्यकारभाराचा अधिकृत वृत्तांत हॅरॉल्ड निकोल्सन यांच्याकडे सोपविण्यात आला. निकोल्सन यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. उमराव सभेच्या अधिकारांचा १९१०-११ मधील पेच, आयर्लंडचा प्रश्न, १९३१ चे राष्ट्रीय मंत्रिमंडळ, या प्रकरणांत घटनात्मक राजाची मर्यादा व सामर्थ्य यांचे त्यांनी केलेले विवेचन आजही अभ्यसनीय आहे. शैली प्रसन्न, मांडणी रेखीव. मात्र हे काम देताना राजवाड्याने त्यांना एक अट सांगितली होती : खोटे लिहावयाचे नाही, पण राजाला उणेपणा आणणारे गाळावयाचे. निकोल्सन यांनी ही अट बव्हंशी पाळली. नायकाच्या तरुणपणीच्या रिकाम्या वर्षांविषयी त्यांनी घरच्या पत्रांत केलेली थट्टा मागाहून प्रसिद्ध झाली. ती वाचली म्हणजे ग्रंथातील संयमाची किंमत कळते.

येथे आक्षेप केवळ गाळण्याविषयी नाही. तो त्या वाटणीविषयीच आहे. पंतप्रधानाचे घर बाजूला ठेवून त्याच्या कार्याचे चरित्र लिहिता येते, कारण त्याचे पद त्याच्या घरातून आलेले नसते. राजाचे पद मात्र घरातूनच येते. कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, कोणाचा बाप, हीच त्याची पात्रता. म्हणून त्याच्याबाबत ‘सार्वजनिक’ आणि ‘खाजगी’ अशी दोन दप्तरे केली, तर सर्वांत महत्त्वाचे कागद नेमके दोहोंच्या मध्ये पडतात.

याचे ठळक उदाहरण १९१७ सालचे आहे. रशियाचा झार दुसरा निकोलस हा जॉर्जचा मावसभाऊ. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म हा आतेभाऊ. मे १९१३ मध्ये विल्हेल्मच्या कन्येच्या विवाहासाठी तिघे बर्लिनला एकत्र जमले होते. त्या वेळी काढलेल्या छायाचित्रात जॉर्ज कोणता व निकोलस कोणता हे क्षणभर ओळखू येत नाही, इतके साम्य. चार वर्षांनी मार्च १९१७ मध्ये निकोलस पदच्युत झाला, तेव्हा ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्याला आश्रय देऊ केला आणि नंतर ते आश्वासन मागे घेतले. याचा दोष पुष्कळ वर्षे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या माथी होता. राजाच्या थोरल्या मुलाने, म्हणजे राज्यत्याग केलेल्या आठव्या एडवर्डने, १९५१ च्या आपल्या आत्मकथनात तर वडिलांनी झारच्या सुटकेसाठी युद्धनौका पाठविण्याचा बेत केला होता आणि तो कोठेतरी अडला, असे लिहिले. १९८३ मध्ये केनेथ रोज यांनी राजाचे खाजगी चिटणीस लॉर्ड स्टॅम्फर्डहॅम यांची परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांना गेलेली पत्रे पुढे ठेवली आणि चित्र पालटले. आश्रयाला विरोध राजाचाच होता; मंत्रिमंडळ त्याच्या आग्रहापुढे वाकले. १७ जुलै १९१७ रोजी त्याने घराण्याचे जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव धारण केले. बरोबर एक वर्षाने, १७ जुलै १९१८ च्या पहाटे, येकातेरिनबुर्ग येथे झार व त्याचे कुटुंब गोळ्यांना बळी पडले.

रोज यांचे श्रेय केवळ शोधाचे नाही. राजाला खलपुरुष ठरविण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. युद्धाने थकलेली प्रजा, कामगारांतील असंतोष, झारविषयीचा तिटकारा, झारिना जन्माने जर्मन, आणि स्वतःच्या सिंहासनाखालची जमीन हलत असल्याची भीती, ही सारी पार्श्वभूमी ते देतात. आपले घर वाचविण्यासाठी आप्ताला दार बंद करणारा हा राजा त्यामुळे लहानही होतो आणि प्रथमच माणूसही होतो. अधिकृत ग्रंथातील राजाचा आपण आदर करतो. रोज यांच्या राजाची आपल्याला कणव येते आणि रागही येतो. चरित्राचे वाङ्मयीन यश यातच असते.

घराचा दुसरा कप्पा उघडला तो राणीच्या चरित्रकाराने. जेम्स पोप-हेनेसी यांचे ‘क्वीन मेरी’ (१९५९) हेही राजवाड्याने सोपविलेलेच काम. परंतु त्यांनी युरोपभर विखुरलेल्या आप्तेष्टांना भेटून, त्यांच्या दिवाणखान्यांत बसून, बोलण्याची लकब टिपून आपला ग्रंथ सिद्ध केला. अनुमती तीच, पण दृष्टी निराळी. तरीही त्यांच्या मुलाखतींची मूळ टिपणे २०१८ पर्यंत ग्रंथरूपाने वाचकांसमोर आली नाहीत. सर्वांत धाकटा मुलगा जॉन याला अपस्माराचे झटके येत. त्याला सँड्रिंगहॅमच्या परिसरातील ‘वुड फार्म’ या घरी दाईच्या सोबतीने वेगळे ठेवण्यात आले आणि १८ जानेवारी १९१९ रोजी, तेराव्या वर्षी, तो तेथेच मरण पावला. पुढे याच मुलाला ‘लपविलेला राजपुत्र’ ठरविणाऱ्या कथा निघाल्या. लहानपणी तो छायाचित्रांत भावंडांबरोबर दिसतो, ही साधी गोष्ट त्या कथांना अडचणीची आहे. मौनाने सत्य झाकले जाते, पण त्याच मौनाच्या पोटी अतिरंजितही जन्मते, हे राजनिष्ठ चरित्रकारांच्या ध्यानात आले नाही.

राजाच्या मृत्यूचीही हीच कथा. २० जानेवारी १९३६ च्या रात्री तो वारला. शांतपणे आलेला अंत, एवढेच जगाला सांगण्यात आले. त्याचे वैद्य लॉर्ड डॉसन यांनी मॉर्फिन व कोकेन टोचून तो अंत जवळ आणला होता. ही वार्ता सायंकाळच्या हलक्या पत्रांऐवजी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये प्रथम यावी, हाही विचार त्यामागे होता, असे डॉसन यांचे स्वतःचे टिपण सांगते. फ्रान्सिस वॉटसन यांनी १९५० मध्ये डॉसन यांचे चरित्र लिहिले, त्यात हे टिपण नव्हते. १९८६ मध्ये त्यांनीच ते प्रसिद्ध केले. एकाच लेखकाच्या या दोन कृतींत छत्तीस वर्षांचे अंतर आहे.

आपल्या वाचकांना हा विषय केवळ विलायतेचा वाटू नये. याच राजाच्या १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराजांनी एकदाच लवून नमस्कार केला आणि पाठ फिरवून ते परतले. त्यावर गदारोळ उठला आणि महाराजांना व्हाइसरॉयकडे खुलासा करावा लागला. इंग्रज चरित्रकाराला हा दरबार वैभवाचा कळस वाटतो. बडोद्याच्या वाचकाला त्यातली ती काही पावलेच आठवतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी वाङ्मयाला राजाश्रय लाभला आणि त्या ऋणाने आपल्याकडील राजचरित्रेही अदबीनेच लिहिली गेली. ऋण खरे होते. परंतु आता संस्थाने राहिली नाहीत, १९७१ मध्ये तनखेही गेले. जुन्या दप्तरांतून ही चरित्रे नव्याने लिहू इच्छिणाऱ्या अध्यापकांना अदबीचे ओझे वाहण्याचे कारण उरलेले नाही.

जेन रिडली यांच्या २०२१ च्या चरित्रात राणीला तिचा रास्त वाटा मिळाला आहे, आणि निरस म्हणून हिणवलेल्या या राजाविषयी नवी उत्सुकताही जागी झाली आहे. त्याला निरस त्याच्या स्वभावाने जेवढे केले, त्याहून अधिक त्याच्याविषयी बाळगलेल्या मौनाने केले, असे आता म्हणता येते. राजचरित्र हाती घेतले म्हणजे राज्यारोहणाचे प्रकरण आधी न वाचता, धाकट्या मुलाविषयी आणि पदच्युत भावाविषयी ग्रंथकार काय लिहितो, ते प्रथम पाहावे. तेथे लेखणी सरळ चालली असेल, तर उरलेल्या पानांवर विश्वास ठेवावयास हरकत नाही.