‘अनुभवामृता’तील शब्दखंडन : शब्दाची दुर्बलता की निष्प्रयोजनता?

आत्मसाक्षात्काराचे वर्णन शब्दांत करता येत नाही, हे विधान मराठी संतसाहित्याच्या समीक्षेत इतक्या सहजतेने केले जाते की त्याची चिकित्सा करण्याची गरजच कोणाला भासत नाही. ‘अनुभव शब्दातीत आहे’ असे एकदा म्हटले की विवेचन थांबते आणि उरते ते केवळ गौरवीकरण. या विधानाच्या समर्थनार्थ ज्ञानदेवांच्या ‘अनुभवामृत’ अर्थात ‘अमृतानुभव’ या ग्रंथातील सहाव्या प्रकरणाचा, ‘शब्दखंडना’चा, हवाला हमखास दिला जातो. परंतु हे प्रकरण बारकाईने वाचल्यास शब्द दुबळा आहे असा त्याचा निष्कर्ष नाही, हे ध्यानात येते.

प्रकरणाचा आरंभच मुळी शब्दाच्या स्तुतीने होतो. स्मरण करून देण्यात शब्दाची ख्याती आहे. जे अमूर्त आहे त्याचा तो आरसा आहे. साधा आरसा डोळसालाच उपयोगी पडतो, शब्दरूपी आरसा मात्र न पाहणाऱ्यालाही पाहता करतो. विधिनिषेधाच्या वाटा उजळणारा दिवटा तोच, बंध आणि मोक्ष यांच्या कलहात निवाडा करणारा तोच. ज्याचे खंडन करावयाचे त्या प्रतिपक्षाचा एवढा सन्मान तर्कग्रंथांत क्वचितच आढळेल. ही केवळ काव्यात्म उदारता म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुढील सर्व युक्तिवाद याच स्तुतीवर उभा आहे. शब्दाचे सामर्थ्य स्मरण देण्याचे. मग जे कधी विसरलेच गेले नाही, तेथे त्याने काय करावे? आत्मा स्वयंसिद्ध आहे. त्याला स्वतःचे स्मरणही नाही आणि विस्मरणही नाही. बरे, शब्दाने आत्मा दाखवावा असे नसून केवळ अविद्येचा नाश करावा, असे म्हणावे, तर अविद्या वस्तुतः नाहीच. जे नाही त्याचा नाश कसा करावयाचा? अशा रीतीने शब्दाला दोन्ही बाजूंनी काम उरत नाही. त्याची मर्यादा शक्तीची नसून प्रयोजनाची आहे.

हा भेद वरवर पाहता सूक्ष्म वाटला, तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत. विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मानुभवविषयक व्याख्यानांत अनिर्वचनीयता हे गूढानुभवाचे पहिले लक्षण मानले. त्यांच्या मते हा अनुभव भावावस्थेच्या जवळचा असल्याने ज्याने तो घेतला नाही त्याला तो सांगता येत नाही. आपल्याकडील अनेक विवेचनांत ज्ञानदेवांच्या नावावर प्रत्यक्षात जेम्स यांचेच मत मांडलेले दिसते. जेम्स यांच्या भूमिकेत अनुभव घेणारा, अनुभव आणि न घेणारा असे तिघे गृहीत आहेत. ज्ञानदेवांना तर अनुभव आणि अनुभविता हे द्वैतच मान्य नाही. तेव्हा तेथे ‘सांगता न येणारा अनुभव’ नावाची काही वेगळी वस्तू शिल्लक राहत नाही.

या दृष्टीने पाचवे प्रकरण अधिक महत्त्वाचे ठरते. किंबहुना शब्दविचाराचे खरे मर्म सहाव्यापेक्षा तेथेच आहे. सत्, चित् आणि आनंद ही तीन पदे ब्रह्माचे वर्णन करीत नाहीत, ती असत्, जड आणि दुःख यांची व्यावृत्ती करतात, अशी मांडणी ज्ञानदेव करतात. वेदान्तात ही मांडणी नवी नव्हे. नवे आहे ते त्या पदांच्या निवृत्तीचे चित्र. फळ धरले की फूल सुकते, फळ रसात आणि रस तृप्तीत विरतो. अग्नीत आहुती टाकून हात मागे सरतो. सुख जागवून गीत थांबते. निजलेल्याला उठवून उठवणारा निघून जातो. तशी ही तिन्ही पदे मौनाच्या वाटेला लागतात. यांपैकी एकही दृष्टान्त अपयशाचा नाही, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे. फूल हरले म्हणून सुकत नाही.

तिसऱ्या प्रकरणात चार वाचांच्या ऋणाचा विचार करताना ज्ञानदेव ज्ञानालाही बंधन ठरवितात. त्यासाठी ते शिवसूत्राचा आधार घेतात आणि लगेच पुढे सांगतात की शिवाने वा विष्णूने हे सांगितले म्हणून आपण मानतो असे नाही, त्यांनी न सांगताही ते तसेच असते. तेराव्या शतकातील एका ग्रंथकाराने आप्तवाक्याविषयी घेतलेली ही भूमिका विलक्षण निर्भय आहे.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो. १२९० सालच्या ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात शब्दांच्या माधुर्यासाठी इंद्रियांत कलह लागेल अशी ग्वाही देणारा कवी येथे शब्दाला निरुपयोगी ठरवितो, ही विसंगती नव्हे काय? ‘ज्ञानेश्वरी’पुढे श्रोते आहेत, गीतेचा आधार आहे, अर्जुनाचा विषाद आहे; तेथे विस्मरण आहे, म्हणून शब्दाला काम आहे. ‘अनुभवामृता’ला असा मूळ ग्रंथ नाही. हे उत्तर बरेचसे पटते, पूर्णतः नाही. कारण शब्दाचे खंडन झाल्यावरही ग्रंथ थांबत नाही. दहा प्रकरणांपैकी सर्वांत दीर्घ असे अज्ञानखंडनाचे सातवे प्रकरण त्यानंतर येते. जवळपास निम्मा ग्रंथ अद्याप शिल्लक असतो. अविद्या नाहीच हे एकदा सिद्ध केल्यावर तिच्या निराकरणासाठी इतक्या ओव्या खर्ची पडाव्यात, आणि त्याही दृष्टान्तांच्या राशी रचून, हा केवळ तर्काचा व्यापार राहत नाही. क्वचित त्यात पुनरुक्तीचा दोषही जाणवतो. श्रद्धेपोटी तो नाकारण्याचे कारण नाही.

ज्ञानदेवांना या अडचणीची जाणीव होती. ‘ग्रंथपरिहार’ हे शेवटचे प्रकरण त्याची साक्ष आहे. जे स्वयंसिद्ध आहे ते सांगण्याचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न तेथे ते स्वतःच उपस्थित करतात. ग्रंथाच्या अखेरीकडे आपल्या वैखरीला ते पाण्यावर रेखलेल्या मकरीची उपमा देतात. पाण्यावर रेघ उमटत नाही, हे रेखणाऱ्याला ठाऊक असते. तरीही त्याचे बोट पाण्यावरून फिरते, आणि आकृती मकरीचीच असते, दुसरी कोणती नव्हे.