अनुवादाचा नकार : एका आयरिश कादंबरीच्या निमित्ताने

अल्पसंख्य भाषेतील श्रेष्ठ कृती प्रबळ भाषेत अनुवादित होणे हे त्या भाषेचे भाग्य समजले जाते. आयरिश वाङ्मयाचा अनुभव या समजुतीस सहजासहजी दुजोरा देत नाही. मार्टिन ओ काइन यांची १९४९ ची ‘क्रे ना किल्ये’ ही आधुनिक आयरिश गद्यातील सर्वमान्य श्रेष्ठ कादंबरी. नॉर्वेजियन वाचकास ती १९९५ मध्ये व डॅनिश वाचकास २००० मध्ये लाभली. इंग्रजी वाचकास मात्र तिचा छापील अनुवाद २०१५ मध्ये हाती आला.

‘दफनभूमीची माती’ असा या शीर्षकाचा अर्थ. कादंबरीतील बोलणारी सारी माणसे मृत आहेत. कोनेमारातील एका दफनभूमीत ती पुरलेली आहेत; देह गेला, जीभ मात्र शाबूत आहे. नव्याने पुरलेल्या कट्रीनाला पहिली चिंता ही, की आपणास एका पौंडाची जागा मिळाली की पंधरा शिलिंगांची. नेल या बहिणीविषयीचा तिचा मत्सरही तिच्याबरोबरच पुरला गेला आहे. येथे निवेदन जवळजवळ नाहीच. आहेत ती उणीदुणी, शिव्याशाप आणि मध्येच तुटणारी वाक्ये. याच मातीत पडलेला एक फ्रेंच वैमानिक मृतांच्या संगतीत आयरिश शिकतो. १९३७ च्या संविधानाने आयरिशला पहिली राजभाषा केले, पण शासनाच्या साऱ्या खटपटीनंतरही जिवंत माणसे ती बोलेनात, हे लक्षात घेतले म्हणजे या विनोदाची धार निराळी सांगावी लागत नाही.

नॉर्वेजियन अनुवाद मूळ कृतीस नवा वाचक देतो, तिचा जुना वाचक हिरावून घेत नाही. आयर्लंडात स्थिती उलट आहे. तेथील आयरिश वाचकास इंग्रजीही अवगत असते, त्यामुळे इंग्रजी अनुवाद मूळ ग्रंथाच्या शेजारी त्याचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहतो. बिडी जेन्किन्सन या टोपणनावाने लिहिणाऱ्या कवयित्रीने १९९१ मध्ये आयर्लंडात आपल्या कवितेचा इंग्रजी अनुवाद होऊ नये असे जाहीर केले, ते हटवादीपणाने नव्हे. याउलट नूला नी गोनिल यांच्या कविता १९९० मध्ये तेरा कवींनी इंग्रजीत आणल्या व त्यांची कीर्ती दूरवर गेली. पण त्या कीर्तीतील किती वाटा आयरिश भाषेच्या पदरात पडला, हा प्रश्न उरतोच. (इंग्रजीच्या मध्यस्थीने परस्परांचे साहित्य वाचणाऱ्या भारतीय भाषांनाही तो परका नाही.)

तथापि नकार हे संपूर्ण उत्तर नव्हे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी आपणास आयरिश बोलता येते असे सांगितले. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र ७१,९६८. या दोन आकड्यांमध्ये असा मोठा वर्ग आहे, ज्यास ओ काइन यांची कोनेमाराची गडद बोली सुरू करता येते पण पेलवत नाही. अॅलन टिटली यांच्या २०१५ च्या अनुवादात भांडणाचा आवेश व शिव्यांची मुबलकता आहे. स्वतः आयरिशमध्ये लिहिणाऱ्या या लेखकाने मुक्तहस्ताने स्वातंत्र्य घेतले आहे, आणि वाचनाचा आनंदही त्यातच अधिक. लियम मॅक कॉन इओमेर व टिम रॉबिन्सन यांचा २०१६ चा अनुवाद संथ, टीपांनी लगडलेला, क्वचित जडही आहे. परंतु मूळ ग्रंथ शेजारी उघडा ठेवून वाचावयाचा, तर उपयोगी पडतो तो हाच.