कर्ण्यासमोर क्रिकेट स्मिथ

१० फेब्रुवारी १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीच्या कर्ण्यासमोर जेम्स रीस युरोप यांचा ‘सोसायटी ऑर्केस्ट्रा’ उभा होता. त्यात कॉर्नेट वाजवणाऱ्या विल्यम स्मिथला सगळे क्रिकेट स्मिथ म्हणत. हाच क्रिकेट स्मिथ १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीच्या बँडबरोबर मुंबईत आला, पुढच्या वर्षी ताजमहाल हॉटेलच्या बँडचा म्होरक्या झाला आणि मेना सायलस यांनी बांधलेला ‘ताजमहाल’ हा फॉक्सट्रॉट त्याने इथेच रेक्स लेबलसाठी वाजवला. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ च्या पुस्तकाला नाव मिळालं ते याच तबकडीवरून.

मुंबईच्या जॅझची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. मग मिकी कोरिया येतात, चिक चॉकलेट येतात, सी. रामचंद्र येतात, ‘अलबेला’ येतो आणि आपण खूश होतो. क्रिकेट स्मिथ मुंबईत उतरला तेव्हा त्याच्या पाठीशी वीसेक वर्षांचं मुद्रण होतं, आणि त्यातलं बरंचसं मायक्रोफोन येण्याआधीचं, याकडे सहसा कुणी वळत नाही. वळलं तरी ‘त्या काळच्या मानाने बरं आहे’ असा शेरा मारून पुढे जातात. मला हा शेरा मान्य नाही.

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात विजेचा संबंध नव्हता. वादकांनी कर्ण्यात आवाज सोडायचा, त्या आवाजाच्या जोराने टोकाचा पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणात खाच कोरायची. साधारण २५० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पट्टा त्यात नीट उतरायचा. आवाज कमी-जास्त करायला बटण नव्हतं, त्यामुळे तोल साधायचा तो माणसं पुढे-मागे उभी करून. व्हायोलिन ऐकू जावं म्हणून त्यालाच छोटा कर्णा बसवलेलं स्ट्रो व्हायोलिन निघालं. डबल बासच्या जागी बऱ्याचदा ट्यूबा आला. दहा इंची तबकडी तीन मिनिटांत संपायची. म्हणजे कोणतं वाद्य घ्यायचं, कोण कुठे उभं राहणार, चीज कुठे तोडायची, हे सगळं कर्ण्याला विचारून ठरत होतं. वादकांइतकाच तोही त्या ताफ्यातला होता.

हे लक्षात आलं की ऐकणं बदलतं. त्या १९१४ च्या बैठकीतला ‘कॅसल हाउस रॅग’ घ्या. बारा इंची तबकडी आहे. व्हर्नन आणि आयरीन कॅसल या नर्तक जोडप्यासाठी बांधलेली चीज, त्यामुळे सुरुवात शिस्तीत होते. व्हायोलिनं आणि क्लॅरिनेट एकाच गल्लीतून चालतात. शेवटच्या भागात मात्र लगाम सुटतो. बडी गिलमोरचा ड्रम उसळतो, कॉर्नेट त्याच्यावर स्वार होतं, आणि रॅगटाइम संपून दुसरं काहीतरी सुरू होत असल्याचं कानाला कळतं. जॅझ हे नाव तबकडीवर यायला अजून तीन वर्षं होती. या तबकडीमुळे एक दंतकथाही मोडीत निघते. कर्ण्याच्या काळात ड्रम मुद्रित होतच नव्हता, असं पुस्तकांतून सर्रास लिहिलं जातं. अडचण मोठ्या, घुमणाऱ्या ढोलाची होती. गिलमोरच्या छोट्या ड्रमचा कडकडाट शंभराहून अधिक वर्षांनी लख्ख ऐकू येतो. युरोप यांच्याच लष्करी बँडने १९१९ मध्ये पाथे कंपनीसाठी केलेल्या ‘ऑन पॅट्रोल इन नो मॅन्स लँड’मध्ये तर रणांगणावरचे स्फोटसुद्धा वाद्यांनीच वाजवले आहेत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात युरोप यांचा त्यांच्याच बँडमधल्या एका ड्रमरने खून केला.

१९१७ ची ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची तबकडी ही जॅझची पहिली म्हणून दाखवली जाते. न्यू ऑर्लिन्सच्या पाच गोऱ्या वादकांचा हा बँड. कॉर्नेटचं खिंकाळणं, क्लॅरिनेटचं आरवणं. गंमत आहे, खपही प्रचंड झाला. इतिहासात तिचं स्थान पक्कं आहे, पण पुन्हा पुन्हा लावाविशी वाटणारी ती तबकडी नाही.

क्रिकेट स्मिथ पुढे पॅरिसला गेला. तिथे ड्रमर लुई मिचेलच्या जॅझ किंग्जमध्ये तो कॉर्नेट वाजवू लागला आणि १९२२-२३ मध्ये या बँडने पाथेसाठी ढिगाने मुद्रणं केली. जाणकार त्यांना नाकं मुरडतात आणि दोष वादकांवर ढकलतात. पाथेची पद्धत कुणी बघत नाही. ही कंपनी आधी मोठ्या मेणाच्या नळकांड्यावर मुद्रण करायची आणि मग यांत्रिक जोडणीने त्याची नक्कल तबकडीवर उतरवायची. मूळ मुद्रणाची आधीच गाळीव झालेली धार या दुसऱ्या हातात आणखी बोथट व्हायची, वर यंत्राची घरघर मिसळायची. शिवाय खाच आडवी न हलता वर-खाली कोरलेली, त्यामुळे साध्या पिनवर तबकडी मुकीच राहायची. तिला नीलमण्याचा गोल टोकाचा खडा लागायचा. पाथेचा हा मंदपणा मनातून वजा करून ऐकलं की कॉर्नेट बऱ्यापैकी ठाशीव वाजतं, लय मात्र अजून लष्करी पावलांची आहे. १९२२ च्या पॅरिसमध्ये जॅझ इथवरच पोचला होता असा माझा निष्कर्ष आहे. त्याच सुमारास शिकागोत किंग ऑलिव्हर कुठे होता हे ऐकलं की अंतर कळतं.

५ आणि ६ एप्रिल १९२३. इंडियानातल्या रिचमंड गावात स्टार पियानो कंपनीचा कारखाना होता आणि तिचं तबकड्यांचं लेबल जेनेट. स्टुडिओ रेल्वेमार्गाला खेटून. गाडी आली की मुद्रण थांबवावं लागे. (नावड्यात राहून हे वाचताना बरं वाटतं. दिवा-पनवेल मार्गावरची मालगाडी आणि तळोजा एमआयडीसीचे ट्रक यांच्यामुळे माझ्या खोलीत रात्री खर्ज असा शिल्लकच राहत नाही. अलीकडच्या मुद्रणांचे त्यात हाल होतात. कर्ण्याच्या तबकड्यांचं काही बिघडत नाही, कारण ट्रक जो पट्टा खातात तो त्यांच्यात मुळातच उतरलेला नाही.) ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडमध्ये दोन कॉर्नेटं होती: एक स्वतः ऑलिव्हरचं, दुसरं तरुण लुई आर्मस्ट्राँगचं. आर्मस्ट्राँगचा आवाज सगळ्यांना गिळायचा म्हणून त्याला लांब उभं केलं, अशी आठवण पियानो वाजवणाऱ्या लिल हार्डिनने सांगून ठेवली आहे. ड्रमर बेबी डॉड्सला सगळा संच आणू दिला नाही, तर त्याने लाकडी ठोकळ्यांवर लय धरली. बिल जॉन्सन हा खरा बासवाला. त्याच्या हातात बँजो आला. यातून जे कापडासारखं घट्ट विणलेलं सामूहिक वादन तयार झालं, ते शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये रोज रात्री वाजायचं तसंच्या तसं नव्हे. ते खास तबकडीसाठी मांडलेलं आहे आणि तसंच तोललं पाहिजे.

याच बैठकीत ‘डिपरमाउथ ब्लूज’ झाला; जूनमध्ये ऑलिव्हरने तो ओकेह कंपनीसाठी पुन्हा वाजवला. दोन्ही एकापाठोपाठ लावा. खोली वेगळी, कर्णा वेगळा, तोल वेगळा, पण ऑलिव्हरचं प्रसिद्ध एकलवादन जवळपास स्वरासाठी स्वर तेच. जॅझ म्हणजे उत्स्फूर्तता असं शिकून आलेल्या माणसाची इथे पंचाईत होते. आपली होऊ नये. बांधलेली जागा पुन्हा तितक्याच ताज्या दमाने म्हणणं ही काय चीज आहे, ते नाट्यसंगीताच्या श्रोत्याला वेगळं सांगावं लागत नाही. पुढे कितीतरी कॉर्नेटवाल्यांनी हा तुकडा जसाच्या तसा पाठ केला, तोही बंदिशीसारखाच.

आपल्याकडे या काळाचं काय झालं? १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहरजानला मुद्रित केलं, आणि शेवटी तिने आपलं नाव पुकारलं, कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात होत्या आणि तिथल्यांना ओळख पटायला हवी होती. हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. पण अब्दुल करीम खाँसाहेबांची १९०५ ची मुद्रणं आणि ओडियनसाठी तीसच्या दशकात झालेली त्यांची मुद्रणं शेजारी ठेवून कर्ण्याचा वाटा कुणी वेगळा काढतं का? तरुण खाँसाहेब घाईत वाटतात, ताना झपाझप येतात, आवाज पुढे फेकलेला. नंतरची ‘पिया बिन’ किंवा ‘जमुना के तीर’ म्हणजे स्वरावरचा मुक्काम. मधल्या तीस वर्षांत गायकी बदलली हे खरंच. पण कुजबुजीएवढा स्वर पकडणारा मायक्रोफोन समोर आल्यावर त्या मुक्कामाला जागा मिळाली, हेही खरं. जी. एन. जोशींचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ रेकॉर्डिंगच्या आतल्या गोष्टी रसाळपणे सांगतं, पण त्या मायक्रोफोनच्या काळातल्या. मराठी संगीतसमीक्षेने गायक कसोशीने ऐकला. त्याच्यासमोरचं यंत्र तितकं ऐकलं नाही.

न उतरलेल्या आवाजांच्या बाबतीत दोन्हीकडचं दुःख सारखं आहे. अल्लादिया खाँसाहेबांची तबकडी नाही, भास्करबुवांची नाही. तिकडे बडी बोल्डनचं एकही मुद्रण सापडलेलं नाही. फ्रेडी केपर्डला १९१६ च्या सुमारास संधी आली होती, पण लोक आपला माल चोरतील म्हणून त्याने नकार दिला, असं सांगतात. वाजवताना तो बोटांवर रुमाल टाकायचा म्हणे. आपल्या कुठल्याही घराण्यात तो सहज खपला असता.

आजची परिस्थिती विचाराल तर साहित्य मिळण्याच्या बाबतीत असा काळ कधी नव्हता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मध्ये ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ सुरू करून व्हिक्टरचा कर्ण्याच्या काळातला मोठा साठा खुला केला. १९२३ पूर्वीची मुद्रणं तिथे १ जानेवारी २०२२ पासून हक्कमुक्त आहेत; भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि इतर संग्राहकांनी उभी केलेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ यांनी तबकड्यांच्या नोंदींचं जे काम केलं, ते एखाद्या विद्यापीठाने करायचं काम होतं.

दुखणं आहे ते सफाईचं. फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन जो तो तबकड्या धुतो आहे. खरखर काढणारं यंत्र अचानक उठलेला टोकदार आवाज शोधून कापतं. बेबी डॉड्सचा ठोकळाही नेमका तसाच आवाज करतो, आणि कॉर्नेटच्या लहरीलाही टोकं असतात. ती कापली की उरतं ते सर्दी झालेलं पितळ. इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस एकेक खटका टेपवर शोधून तेवढ्याच जागचा लेप पात्याने खरवडायचे. वादनाला धक्का लागू द्यायचे नाहीत. २००६ च्या सुमारास डेव्हिड सेगर आणि डग बेन्सन यांनी ऑलिव्हरची १९२३ ची सगळी मुद्रणं नव्याने उतरवली, त्यातही खरखर जपून ठेवलेली आहे आणि म्हणूनच दोन कॉर्नेटं वेगळी ओळखू येतात.

दुसरा घोळ वेगाचा. ७८ फेऱ्यांचा आकडा नंतर पक्का झाला. कर्ण्याच्या काळात प्रत्येक कंपनीचा वेग आपापला. मूळ तबकडी ७३-७४ ला कोरलेली असेल आणि आपण ती ७८ ला लावली, तर पट्टी अर्ध्या स्वराने चढते. काळी चारचं गाणं पांढरी सहामध्ये ऐकून गायकाच्या आवाजाबद्दल मतं मांडणारे लेख मी वाचले आहेत. जॅझवाल्यांकडे यावर एक सोपी कसोटी आहे: कॉर्नेट आणि क्लॅरिनेटवाल्यांना काही पट्ट्या सोयीच्या, काही महाअडचणीच्या. अख्खा बँड अडचणीच्या पट्टीत लीलया वाजवतो आहे असं वाटलं, तर आधी वेग तपासायचा.

क्रिकेट स्मिथ ऐकायचा असेल तर १९१४, मग पॅरिस, मग मुंबई असा क्रम धरावा. ‘ताजमहाल’ आधी ऐकू नये. माइकवरच्या त्या गुळगुळीत फॉक्सट्रॉटमध्ये बँड छान वाजतो, पण गिलमोरच्या ड्रमवर स्वार झालेला तो कॉर्नेटवाला तिथे ओळखायला बराच वेळ लागतो.