दगडातला वंश, मुलखातली माणसे

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातला १८०३ चा मराठी शिलालेख म्हणजे बाबूरायाने रचलेले भोसले घराण्याचे चरित्र. त्याच्या लांबीचे कौतुक होते, वाचन क्वचितच. १७९९ च्या तहाने मुलखावरचा अंमल कंपनीकडे गेला. सरफोजींकडे उरला किल्ला. चारच वर्षांनी वंश दगडात कोरला गेला. म्हणून हा लेख विजयाचा नव्हे, वियोगाचा वाटतो. त्यात राजे, लढाया, वारसे आहेत. कावेरीकाठी भात पिकवणारी माणसे नाहीत. चेन्नईतल्या पेरुंगुडीत तो वाचताना गावाचे नावच आडवे येते: तमिळ ‘कुडी’ म्हणजे वस्ती, आणि तिथे राहणारी माणसेही. तंजावरच्या मराठी इतिहासाला हा दुसरा अर्थ अजून शिकायचा आहे.