संदर्भसंग्रहाचे जतन : ‘झोटेरो’ प्रणालीची एक चिकित्सा

हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. या क्षेत्राच्या अभ्यासकास १८८३ चे कुलाबा व जंजिरा गॅझेटिअर, पेशवे दप्तर आणि अलीकडील शोधनिबंध अशी विखुरलेली साधने एकत्र करावी लागतात. २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठात निर्माण झालेली ‘झोटेरो’ ही विनामूल्य संगणकप्रणाली हे काम सुकर करते व देवनागरी नोंदीही स्वीकारते. तथापि तिच्या ‘सिंक’ सुविधेस बॅकअप मानणे ही भ्रांती होय. सिंक हे केवळ प्रतिबिंब आहे. एका संगणकावर कायमची खोडलेली नोंद दुसऱ्यावरूनही नाहीशी होते. शिवाय विनामूल्य साठवण अवघी ३०० मेगाबाइट असून स्कॅन केलेले जुने ग्रंथ ती लवकरच व्यापतात.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात धडकले, तेव्हा वीज व दूरध्वनी सेवा कित्येक दिवस खंडित होती. अशा किनाऱ्यावर केवळ इंटरनेटवर अथवा केवळ घरच्या संगणकावर विसंबणे इष्ट नव्हे. प्रणाली बंद करून तिचे संपूर्ण डेटा-फोल्डर नियमितपणे बाह्य हार्डडिस्कवर उतरवावे व एक प्रत अन्य गावी ठेवावी. संदर्भ मांडून देणे हे प्रणालीचे कार्य. ते टिकविणे हे मात्र संशोधकाचेच उत्तरदायित्व ठरते.