धर्मत्याग आणि राजकीय जाणीव : कोकणातील आत्मकथनांच्या आधारे एक पुनर्विचार

प्रास्ताविक

माणसाने धर्म सोडला की त्याचे राजकीय मतही बदलते, असे एक समीकरण समाजशास्त्रीय चर्चेत वारंवार मांडले जाते. त्यासाठी अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे उदाहरण हमखास दिले जाते. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या पंथाचे मुख्य केंद्र पुढे युटा राज्यात स्थिरावले. २०१४ च्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत सुमारे ७० टक्के मॉर्मन रिपब्लिकन पक्षाचे अथवा त्या पक्षाकडे झुकलेले आढळले. अशा एकजिनसी समूहातून बाहेर पडणारी व्यक्ती बहुधा उदारमतवादाकडे वळते, असे निरीक्षण नोंदविले जाते आणि त्यावरून 'आधी धर्मत्याग, मग मतांतर' असा क्रम गृहीत धरला जातो.

प्रस्तुत लेखात हा क्रम मराठी आत्मपर लेखनाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. पेण-रोह्याच्या परिसरात अध्यापन करणाऱ्यांना हा प्रश्न दूरचा नाही. पेणहून रोहे तालुक्यातील कोलाडमार्गे जाणारा मुंबई-गोवा महामार्ग पुढे महाडला पोहोचतो आणि आधुनिक भारतातील सर्वांत मोठ्या सामूहिक धर्मांतराची राजकीय पूर्वपीठिका महाडच्या चवदार तळ्यावर लिहिली गेली आहे.

क्रमाचा प्रश्न

मॉर्मन उदाहरणही वाटते तितके सरळ नाही. सोनिया जॉन्सन यांनी स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीचा जाहीर पुरस्कार केला. त्यातून त्यांचा आपल्या चर्चशी संघर्ष झाला आणि १९७९ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. येथे राजकीय भूमिका आधीची आणि धर्मापासूनची ताटातूट नंतरची आहे.

महाडचा इतिहास हाच क्रम अधिक ठळकपणे दाखवितो. १९२३ चा बोले ठराव, त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये घेतलेला निर्णय, मार्च १९२७ मधील तळ्याचा सत्याग्रह आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला झालेले मनुस्मृतीचे दहन या घटना नागरी हक्कांच्या राजकारणातील आहेत. धर्मत्यागाची घोषणा त्यानंतर आठ वर्षांनी, १९३५ मध्ये येवल्याला झाली आणि प्रत्यक्ष धम्मदीक्षा १९५६ मध्ये नागपूरला. विशेष म्हणजे येवल्याच्या घोषणेनंतर वर्षभरातच डॉ. आंबेडकरांनी स्थापन केला तो धर्माधिष्ठित नव्हे, तर स्वतंत्र मजूर पक्ष. १९३७ मध्ये त्यांनी मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयक तत्कालीन कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील आगरी, कुणबी, महार अशा सर्व कुळांच्या हिताचे होते. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील चरी येथील शेतकऱ्यांचा दीर्घ संप याच काळातला. धर्म सोडण्याचा निश्चय झालेला असतानाच्या या राजकारणाचा पाया जमीन आणि श्रम हा होता. तेव्हा त्याला धर्मत्यागाचा केवळ परिणाम म्हणता येणार नाही.

एक तळे, दोन वाटा

या संदर्भात कॉ. रा. बा. मोरे यांच्या आठवणी महत्त्वाच्या ठरतात. महाड परिसरात वाढलेले मोरे हे सत्याग्रहाच्या प्रमुख संघटकांपैकी एक होते. १९३० मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले. मात्र डॉ. आंबेडकरांविषयीचा त्यांचा जिव्हाळा आटला नाही आणि पक्षाने जातिप्रश्नाकडे गांभीर्याने पाहावे यासाठी ते पक्षात राहूनच आग्रह धरीत राहिले. त्यांच्या आठवणी पुत्र सत्येंद्र मोरे यांच्या प्रयत्नांतून २००३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

हिंदू समाजव्यवस्थेच्या एकाच नकारातून एक वाट बुद्धाकडे गेली, तर दुसरी मार्क्सकडे. नकार समान असूनही राजकारण भिन्न झाले. नकारातून माणूस काय सोडतो ते कळते. तो कोणाबरोबर उभा राहणार, हे मात्र गिरणीतील सोबती, गावची जमीन आणि हाती असलेली संघटना यांवर ठरते. मोरे यांच्या आठवणींचे खरे मूल्य या तपशिलांत आहे. त्या 'दलित' आणि 'कम्युनिस्ट' अशा दोन खणांत विभागून वाचल्या की हे मूल्य हरवते.

एकट्याचा त्याग

सामूहिक धर्मांतरापेक्षा एकट्या व्यक्तीच्या धर्मांतराची गुंतागुंत वेगळी असते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. धर्म बदलला तरी त्यांची देशभक्ती आणि संतकवितेविषयीची ओढ कायम राहिली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही स्वतंत्र कल्पना मांडली. परदेशी मिशनच्या वर्चस्वाविषयीची त्यांची नाराजी राजकीयच म्हणावी लागेल, परंतु तिचे मूळ नव्या धर्माइतकेच जुन्या स्वाभिमानातही आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात क्रम आणखी निराळा दिसतो. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, या निर्णयावर त्या बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच आलेल्या असतात. दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्याचा साधा प्रश्न त्यांना त्या निर्णयापर्यंत नेतो. आपण 'स्मृतिचित्रे' विनोदासाठी आणि निर्मळ निवेदनासाठी वाखाणतो. हे निवेदन एका स्त्रीच्या सामाजिक विचाराचा स्वतंत्र प्रवास आहे, याकडे मात्र समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

मिरजोळीच्या हमीद दलवाई यांनी तिसरा पर्याय निवडला. श्रद्धा सोडली, पण समाज सोडला नाही. १९६६ मध्ये मुंबईत काढलेला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा आणि १९७० मध्ये स्थापन केलेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ, ही कामे समाजातच उभे राहून केलेली आहेत.

त्यागानंतर जे उरते

उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) वरील विवेचनाला एक आवश्यक छेद देते. रत्नागिरी जिल्ह्यातील वस्तीत बौद्ध धम्म आल्यावर घरांतील जुने देव बाहेर गेले, गाणी बदलली आणि शिक्षणाला नवे बळ मिळाले. या आनंदाची नोंद लेखिका मनापासून करते. त्याच वेळी सूप-टोपल्या विणणाऱ्या आईचे कष्ट, शिकू आणि लिहू पाहणाऱ्या स्त्रीला घरातूनच होणारा विरोध आणि चळवळीतील पुरुषांची दृष्टी यांविषयीही ती स्पष्टपणे लिहिते. देव गेले तरी घरातील अधिकाराची उतरंड तशीच राहिली. लेखिकेची राजकीय जाणीव या दुसऱ्या अनुभवातूनही घडली आहे. मीनाक्षी मून यांच्यासह तिने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा जो इतिहास लिहिला (१९८९), त्यामागे हीच जाणीव आहे.

उरणाऱ्या गोष्टींत शासकीय कागदही आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात प्रारंभी मुख्यतः हिंदूंचा समावेश होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्यांना ती मान्यता आजही नाही. त्यामुळे दीर्घकाळ अनेक कुटुंबे मनाने बौद्ध आणि दाखल्यावर हिंदू राहिली. मॉर्मन पंथ सोडणाऱ्याला प्रामुख्याने कुटुंब आणि स्नेहीजन गमवावे लागतात, तर आपल्याकडे धर्म सोडणाऱ्याला हक्कांचाही हिशेब करावा लागला. अशा स्थितीत धर्मविषयक निर्णय आणि राजकीय निर्णय वेगळे काढणेच कठीण होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, धर्मत्याग हे राजकीय मताचे कारण असण्यापेक्षा पुष्कळदा आधीच घडलेल्या राजकीय विचाराचे प्रकट रूप असते. पुढील दिशा सोबतीवर आणि संघटनेवर ठरते. जुन्या व्यवस्थेचा काही भाग त्यागानंतरही घरात आणि कागदावर टिकून राहतो.

अध्यापकांच्या दृष्टीने याला व्यावहारिक महत्त्व आहे. आपल्या वर्गात बौद्धवाडीतून आलेली विद्यार्थिनी बसते, तशीच रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्यायाच्या संस्कारांत वाढलेली विद्यार्थिनीही बसते. पहिलीचे मत तिच्या धर्मांतराचा परिणाम आणि दुसरीचे मत तिच्या श्रद्धेचा परिणाम, असे आपण न बोलता ठरवून टाकतो. दोघींनी विचार केला असेल, ही शक्यताच त्यामुळे नाकारली जाते. आत्मकथने केवळ वेदनेचे दस्तऐवज म्हणून शिकविण्याची आपली रीत याच सवयीतून आली आहे. ती विचारांचे ग्रंथ म्हणून शिकविली, तर वर्गातील मतभेद ऐकून घेण्याची आपली पात्रताही वाढेल.