सम नसलेल्या संगीतात ऐकायचं काय?

मागच्या व्याख्यानात आपण चार्ली पार्करपर्यंत येऊन थांबलो होतो. तेव्हा एक गोष्ट बघितली, ती आज लागणार आहे. जॅझमध्ये गाण्याच्या खाली कॉर्डची एक ठरलेली मालिका असते, बहुतेक वेळा बत्तीस बारांची. ती आवर्तनासारखी फिरत राहते आणि वाजवणारा तिच्यावर आपली करामत करतो. कितीही लांब गेला तरी खाली जमीन आहे. आता कुणी ती जमीनच काढून घेतली, तर वाजवणाऱ्याचं तो बघून घेईल, पण ऐकणाऱ्यानं काय धरून बसायचं?

फ्री जॅझबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते, की "हे काय, कुणीही वाजवेल." ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. जिथे चूक होऊच शकत नाही तिथे 'छान वाजवलं' या शब्दांनाही काही किंमत उरत नाही. तेव्हा या संगीतात बरंवाईट ओळखता येतं का, आणि येत असेल तर कशावरून, एवढंच आज बोलायचं आहे.

सुरुवात ऑर्नेट कोलमनपासून करू. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा माणूस, जन्म 1930 चा, हातात प्लास्टिकचा पांढरा सॅक्सोफोन. नोव्हेंबर 1959 मध्ये तो न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात वाजवायला लागला आणि शहरातल्या संगीतकारांत सरळ दोन तट पडले. लिओनार्ड बर्नस्टाइन खूश, माइल्स डेव्हिस नाखूश. भांडण कशावरून? त्याच्या चौकडीत पियानोच नव्हता. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, डबल बास आणि ड्रम, बस. कॉर्ड वाजवून 'आता इथे ये' असं सांगणारं कुणीच नाही.

त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेलं 'लोनली वुमन' घ्या. पाच मिनिटांचं आहे, आणि माझ्या मते या संगीतात शिरायला याहून चांगलं दार नाही. खाली बिली हिगिन्सचे ड्रम भरभर चाललेत, कुणीतरी घाईनं रस्ता ओलांडत असावं तसे. त्यांच्या जोडीला चार्ली हेडनचा बास, जड आणि काळोखा. आणि यांच्यावरून कोलमन आणि डॉन चेरी दोघं मिळून एक संथ, विलापासारखी धून सोडतात. ती खालच्या लयीत बसत नाही, बसायचा प्रयत्नही करत नाही. दोघांचे सूर एकमेकांवर अगदी नेमके पडत नाहीत, कडा जराशा हलतात. हा ढिसाळपणा म्हणायचा? मग एक करून बघा. मनातल्या मनात ती धून ड्रमच्या लयीत ठाकठीक बसवून बघा. बाईचं एकटेपण गेलं! आजूबाजूला जग पळतंय आणि ही थांबली आहे, हे त्या दोन लयींच्या मधल्या फटीतूनच कळतं. म्हणजे इथे नियम नाही असं नव्हे. या पाच मिनिटांचा नियम या पाच मिनिटांतच तयार झालाय.

इथे आपल्याकडचा श्रोता लगेच म्हणतो, अहो मग हे आपल्या रागासारखंच झालं की! कोल्ट्रेनचं नाव निघालं की कुणीतरी रविशंकरांचं नाव काढतं, मुलाचं नाव रवी ठेवलं होतं हेही सांगतं, आणि आपण समाधानानं घरी जातो. (हशा) ते खरं आहे, पण ऐकायला त्याचा फारसा उपयोग नाही. ख्यालात गायक काय करणार हे ठाऊक नसलं, तरी काय करणार नाही हे आपल्याला ठाऊक असतं. वर्ज्य स्वर ठाऊक असतो, सम कुठे आहे ते ठाऊक असतं. आपण 'वा' म्हणतो ते त्या माहितीच्या जोरावर. फ्री जॅझमध्ये ही माहिती घरून आणता येत नाही. पहिल्या मिनिटात जे वाजलं तोच त्या दिवसाचा राग. म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवात लक्षात ठेवा. एखादा तुटका सूर, एखादी खरखर. पुढे कुणीतरी ती उचलतो का, उलटी करतो का, की मुद्दाम टाळतो, यावर कान ठेवायचा.

आता 'फ्री जॅझ' या नावाचीच तबकडी. 21 डिसेंबर 1960, न्यूयॉर्क. आठ वादक, म्हणजे दोन चौकड्या, एक डाव्या स्पीकरमध्ये आणि एक उजव्या. सदतीस मिनिटं, सलग. पहिल्यांदा ऐकताना मासळी बाजारात उभं राहिल्यासारखं वाटेल, वाटू द्या. मग हेडफोन लावा आणि फक्त दोन बास ऐका. डावीकडे स्कॉट लाफारो, वरच्या सुरांत सारखा धावणारा. उजवीकडे हेडन, खाली पाय रोवून उभा. हे दोघं एकमेकांना जागा कशी देतात ते एकदा कळलं, की बाजार पांगायला लागतो. आणि एक गोष्ट लक्षात येईल, की प्रत्येकाची पाळी येण्याआधी सगळे मिळून एक लहानसा ठरवलेला तुकडा वाजवतात. म्हणजे 'फ्री' नावाच्या या तबकडीत आधी ठरवलेलं बरंच आहे. एरिक डॉल्फी बास क्लॅरिनेट घेऊन पुढे येतो तेव्हा बाकीचे गप्प बसत नाहीत, त्याच्या वाक्यांना हुंकार देतात, मध्येच टोमणा मारतात. गप्पांचा फड जमलेला असतो.

पुढे युरोपात हे आणखी मोकळं झालं. पीटर ब्रॉट्झमनचं 1968 चं 'मशीन गन' कानठळ्या बसवतं, आणि त्याचा राग खरा वाटतो. त्याचं अनुकरण करणाऱ्या पुष्कळांचा वाटत नाही. इंग्लंडमध्ये गिटारवादक डेरेक बेली, हाही 1930 चाच, जॅझची बोलीसुद्धा सोडून देऊ पाहत होता. 1976 पासून तो 'कंपनी' नावाखाली वेगवेगळ्या वळणाच्या, क्वचित एकमेकांबरोबर वाजवणाऱ्या वादकांना एकत्र बसवायचा. म्हणजे जमलेली जोडी मोडायची.

का मोडायची? कारण स्वातंत्र्याचीही सवय होते. वाईट फ्री मैफल ओळखणं फार सोपं आहे. हळू सुरुवात, मग सगळे चढत जातात, दहाव्या मिनिटाला गदारोळ, मग दमून हळूहळू विरणं, एक लांब सूर, आणि टाळ्या. प्रत्येक वेळी तेच! ठरवलेलं काहीच नाही, आणि तरी सगळं पाठ. तेव्हा माझी पहिली कसोटी, कोण थांबू शकतो? वाद्य हातात असून दोन मिनिटं न वाजवणारा वादक तिथे असेल, तर कुणीतरी ऐकतंय. दुसरी कसोटी शेवटाची. आपल्याकडे तिहाई आली की श्रोताही सावरून बसतो. इथे तिहाई नाही, खूण नाही, आणि तरीही पाच माणसांना एकाच क्षणी कळावं लागतं की झालं. बऱ्याच मैफली संपण्याची जागा येऊन गेल्यावरही चालू राहतात, कारण एकाला ती ऐकू आलेली नसते. श्रोत्याला मात्र ती आधीच कळलेली असते, हे मी अनेकदा पाहिलंय.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, की तबकडी दहा वेळा ऐकली तर ते उत्स्फूर्त कसं राहिलं? डॉल्फी कधी येणार हे आपल्याला आता पाठ आहे. बेलीलाही ध्वनिमुद्रणाबद्दल शंका होती, आणि तरी 1970 मध्ये 'इन्कस' ही तबकड्यांची कंपनी काढणाऱ्यांत तोच होता. माझं म्हणणं असं, की पाठ झाल्यावर धक्का जातो, निर्णय मात्र उघडे पडतात. याने इथे दुसरं काय वाजवलं असतं, हे विचारायला तेव्हाच सुचतं. 'फ्री जॅझ'च्या बाबतीत तर उत्तरही हाताशी आहे. त्याच दिवशी आधी एक सतरा मिनिटांचा टेक झाला होता, तो 1971 मध्ये बाहेर आला. तीच आठ माणसं, तेच ठरवलेले तुकडे, आणि मधलं सगळं वेगळं.

तो आता लावतो. स्पीकर दोन्ही बाजूंना आहेत, मधल्या रांगेतल्यांना बरं ऐकू येईल. दिवे थोडे कमी करा.